कठड्याला आलेला वाक

सकाळचा चहा घेत असताना फोनवर निरोप आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. प्रत्यक्ष पाहणीत कोणताही दोष आढळून आला नाही.’ खाली पुरावा म्हणून फोटो. तो मी दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि मला हसूच फुटलं. फोटोत बागेतल्या तळ्याचा लोखंडी कठडा होता आणि तो चक्क वाकलेला दिसत होता. मधोमध, पाण्याच्या अंगाला, पोट सुटल्यासारखा. चोरीचं भांडं काखेत धरून ‘मी नाही हो घेतलं’ म्हणावं, तसला हा पुरावा. निदान दुसऱ्या एखाद्या धडक्या कठड्याचा फोटो तरी टाकायचा! म्हणजे मी तो बघणारच नाही असं त्यांनी धरलं होतं, किंवा बघितलाच तर ही म्हातारी करून करून काय करणार, असं. हसू ओसरलं. मी फोन धाकटीपुढे धरला. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. दोघींचे संसार आटोपल्यावर गेली सहा वर्षं आम्ही एकत्र राहतो. तिने फोटो जवळ नेला, लांब नेला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. “मला तर सरळच दिसतोय, ताई,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण तुला वाकडा दिसत असेल तर असेल बाई.” हे दुसरं वाक्य मला अजिबात आवडलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलंय एवढं कबूल करायला जिला दोन दिवस लागतात, ती इतक्या लवकर माझं मान्य करते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

मला वाक कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कापडाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात माझा जन्म गेला. काचेचं उतरतं टेबल, काचेखाली दिवे, आणि त्या उजेडावरून कापडाचं ठाण सरकत यायचं, मैलोगणती, उभ्याने बघत राहायचं. गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग, काही दिसलं की पायाने पट्टी दाबून रूळ थांबवायचा, दोषापाशी लाल बाणाचं स्टिकर डकवायचं आणि पुढे चालू. या सगळ्यात अवघड तो वाक. आडवा धागा सरळ न जाता मधेच झोळासारखा उतरला की त्याला आम्ही वाक म्हणायचो. रुळांचा ताण दोन्हीकडे सारखा नसला की तो येतो. नव्या पोरींना तो दिसायचाच नाही. शर्ट शिवून झाला आणि छातीवरच्या पट्ट्या तिरक्या गेल्या की मग बोंब व्हायची. मला अर्ध्या बोटाचा वाक चालत्या ठाणात दिसायचा. कुणी वाद घातलाच तर उपाय सोपा होता. चांगला पिळाचा दोरा घ्यायचा, दोघींनी दोन टोकं धरून कापडावर ताणायचा आणि त्याच्याशी धागा जुळवून बघायचा. ताणलेला दोरा कुणाची बाजू घेत नाही. सुपरवायझर आला काय आणि मालक आला काय, दोऱ्यापुढे गप्प. टेबलांना नंबर होते आणि आम्हालाही तेच नंबर नाव म्हणून चिकटले होते. मी चार नंबर. लग्नानंतर नवऱ्यानेही थट्टेने तेच चालू ठेवलं होतं. ‘चार नंबर, माझ्यात किती बाण लावशील?’ विचारायचा. मी मोजायला लागले की पळून जायचा.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मी माझ्या हाताने कपाटातून बाणांची तीन पाकिटं पर्समध्ये टाकली. चोरी म्हणा हवं तर. पण डोळ्यांना लागलेली सवय घड्याळ बघून सुटत नाही. घराजवळच्या बागेत पहिल्याच फेरीत मला झोपाळ्याच्या साखळीची कडी झिजलेली दिसली. बाण डकवला, फोटो काढला, उद्यान खात्याकडे तक्रार टाकली, आणि चौथ्या दिवशी कडी बदललेली! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. कारखान्यात आम्ही दोष दाखवायचो, पण तो पुढे निघाला की नाही हे कधी कळायचं नाही. इथे माझ्यासमोर निघत होता. मग मी थांबले नाही. ठिबकणारा नळ, बाकातून वर आलेला खिळा, घसरगुंडीची फाटलेली कड. तिथली पद्धत अशी की दुरुस्ती झाली की बागेच्या माळ्याने जागेवर जाऊन फोटो काढून पाठवायचा, मग तक्रार करणाऱ्याला विचारतात, समाधानी आहात का? हो की नाही? मी जागेवर जाऊन हाताने हलवून बघितल्याशिवाय कधी ‘हो’ दाबला नाही. बागेत मला बाणवाल्या बाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला ऐकू येतं.

गेल्या दोन महिन्यांत मात्र त्या बागेला काय रोग लागला होता कळत नाही. एकेक वस्तू वाकायला लागली होती. आधी दिव्याचा खांब कमरेत लचकल्यासारखा दिसला. मग बाकाच्या फळ्या. मग वाटेच्या कडेच्या विटांची ओळ. आणि शेवटी तळ्याचा कठडा, जो सगळ्यांत वाईट, कारण त्याच्यावर पोट टेकून मुलं मासे बघतात. नेमकी मधल्या जागीच, जिथे तो पाण्याकडे झुकलाय. त्यांच्या आया बाकांवर बसून फोनमध्ये बघत असतात. कठडा मधेच सुटला तर आधी डोकं खाली जाईल, पाण्याखाली दगड आहेत. हे मला आंधळ्यालाही दिसावं इतकं स्पष्ट दिसत होतं आणि उत्तर दर वेळी तेच यायचं, दोष आढळून आला नाही. अकरा तक्रारी, त्यांतल्या नऊंना हेच उत्तर. हल्ली सगळीकडेच कामं कशी होतात ते मी घरातही बघत होते. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वरच्या मजल्यावरच्या ओलीने फुगून बाहेर आली होती. फरशीच्या रेघा ओट्यापाशी डुलत होत्या. वर्तमानपत्रवाले शाई वाचवायला लागले होते, ओळीच्या मधली अक्षरं पुसट, कधीकधी गायबच. वरच्या मजल्यावर जाऊन मी भांडून आले होते. तिथला शेजारी बिचारा, म्हणजे तेव्हा मला तो लबाड वाटला, माझ्याबरोबर खाली आला, चौकटीवरून हात फिरवला, आणि धाकटीकडे बघत म्हणाला, “बघतो हं काकू.” सगळे धाकटीकडेच का बघतात?

माळीबुवांवर माझा संशय जायला तसा वेळ लागला. काळेसावळे, खांद्यावर नेहमी एक ओला पंचा, बोलणं कमी. पंधरा वर्षं त्या बागेत आहेत, पण अजून कंत्राटावर. मी दिसले की हातातलं काम ठेवून उभे राहायचे, “या बाई, आज काय?” विचारायचे, आणि मी दाखवीन तिथे मान वाकडी करून मन लावून बघायचे. इतकं मन लावून कुणी दुसऱ्याचे दोष बघतं का? मागच्या महिन्यात एके सकाळी गेले तर तळ्याकडे उतरणाऱ्या सातही पायऱ्यांच्या कडांना जाड पांढरा पट्टा मारलेला. “हे कशाला?” मी विचारलं. “असंच. बरं दिसतं,” ते म्हणाले. असंच! ज्यांच्याकडे रंगाचा डबा मागायला वर्षातून चार अर्ज करावे लागतात, ते असंच सात पायऱ्या रंगवतात? मी वाकून पट्ट्यावरून नख फिरवलं. पांढरा रंग म्हणजे काहीतरी झाकलंय. चिरा असणार. तीही तक्रार मी टाकली, आणि तिलाही ‘दोष आढळून आला नाही’. त्याच आठवड्यात मी फाटकातून शिरत होते तर आत धाकटी आणि माळीबुवा बोलत उभे. धाकटीच्या हातात तिचा तो मोठा थर्मास, आणि माळीबुवा त्याच्या झाकणातून चहा पितायत. मी दिसल्याबरोबर दोघं गप्प. धाकटी म्हणाली, “सहज आले होते गं.” जिला कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी गुडघे आठवतात, ती सहज थर्मास भरून बागेत येते. मी मनात एक बाण धाकटीवर डकवला आणि एक त्यांच्यावर.

त्या दिवसापासून मी घरात लक्ष ठेवायला लागले. आमचे जुने पांढरे कप माळ्यावर गेले होते आणि त्यांच्या जागी गडद निळे आले होते. “दुकानात छान दिसले,” म्हणे. जिन्याच्या तोंडाशी नवा, भगभगीत पिवळा पायपोस. माझ्या खोलीत दुप्पट उजेडाचा दिवा. विचारलं तर, “जुना गेला होता.” गेला नव्हता, मी आदल्या दिवशीच त्याच्या उजेडात बसले होते. मधेच कधीतरी ती म्हणायची, “ताई, चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा का? मलाही घ्यायचाय,” आणि मी म्हणायची, “तुझा घे तू.” डोळ्यांबद्दल मला कुणी सांगितलेलं खपत नाही. चाळीस वर्षं मी ज्यांच्यावर जेवले ते हे डोळे. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याने मला दर वेळी एक नंबरची आठवण व्हायची, आणि ती मला नको असायची.

एक नंबर म्हणजे पहिल्या टेबलावरच्या बाई. मी कारखान्यात लागले तेव्हा त्यांनीच मला वाक बघायला शिकवलं. माझ्या मागे उभ्या राहायच्या, दोन्ही खांदे धरून मला जरा बाजूला सरकवायच्या आणि म्हणायच्या, “समोरून नको बघूस, उजेडाच्या कडेने बघ. आता?” आणि खरंच आता दिसायचा. स्वभावाने फटकळ, पण डबा उघडला की पहिला घास मला. आठ-दहा वर्षांनी माझ्या लक्षात आलं की त्यांच्या टेबलावरून दोष सुटतायत. एक, दोन, मग रोज. त्या ठाणावर बोटं टेकून उभ्या राहायच्या, कापड बोटांखालून सरकू द्यायच्या. लोकांना वाटायचं, काय तन्मय होऊन काम करतायत. मला कळलं, त्या बोटांनी बघतायत. गाठ बोटाला लागते, तुटका धागा लागतो. डाग लागत नाही, वाक लागत नाही. मी तीन आठवडे गप्प बसले आणि मग एका दुपारी सुपरवायझरच्या खोलीत जाऊन सांगितलं. कामाची शिस्त म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला समजावलं. पण त्यांच्या टेबलावर खिडकीचा उजेड यायचा, हेही मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सुपरवायझरने मुद्दाम डागाचं ठाण त्यांच्या टेबलावर लावलं. लाल, तळहाताएवढा डाग. तो सरकत आला, त्यांच्या बोटांखालून गेला, आणि रूळ थांबला नाही. कुणीतरी हसलं. त्यांना बांधणी खात्यात, खोकी बांधायला पाठवलं. जाताना माझ्यापाशी थांबल्या. कुणी सांगितलं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, “मला सांगितलं असतंस ना गं, तर मी आपली आपण उठले असते.” आवाज चढवला नाही. मी रूळ चालू केला आणि ठाणाकडे बघत राहिले.

तर ते जाऊ दे. फोटो आल्यावर मी वाट बघत बसले नाही. उद्यान खात्याच्या ऑफिसात सरळ फोन लावला आणि समक्ष पाहणी मागितली. पलीकडचा कारकून कंटाळलेला होता. “आजी, तुमच्या या दोन महिन्यांत अकरा तक्रारी आहेत.” मी म्हटलं, “आजी कुणाची? आणि तक्रारी मोजण्यापेक्षा कठडा बघा.” तो म्हणाला, “समक्ष पाहणी म्हणजे इंजिनिअरबाई येणार. त्यात दोष निघाला, तर माळ्याने खोटा अहवाल दिला असं होतं. तो कंत्राटी आहे, लगेच काढतील त्याला. टाकू का नोंद?” प्रश्न विचारताना त्याचा आवाज जरा बदलला, माणसासारखा झाला. माझ्या डोळ्यांपुढे माळीबुवांचा ओला पंचा आला. मग लगेच कठड्यावर पोट टेकलेली मुलं आली. मी म्हटलं, “टाका.” मी बरोबर होते, तर एका माणसाची रोजीरोटी जाणार होती. मी बरोबर नव्हते, हा विचार मी केलाच नाही. म्हणजे तो दारापर्यंत आला होता, मी त्याला आत घेतला नाही. गुरुवारी सकाळी दहाची वेळ ठरली. मधले तीन दिवस धाकटी माझ्याशी फार गोड वागली, आणि मला तिचा फार राग आला. बुधवारी ती पलंगाच्या कडेवर येऊन बसली आणि म्हणाली, “ताई, उद्याचं रद्द कर ना. माझ्यासाठी.” मी विचारलं, “माळीबुवांनी किती वेळा सांगितलं तुला हे म्हणायला?” ती उठून गेली. त्या वेळी मला वाटलं, मी अगदी नेमकं पकडलं.

गुरुवारी धाकटी न सांगता माझ्याबरोबर निघाली. मी नको म्हटलं नाही. आरोपीने हजर असलेलं बरं. पर्समध्ये मी दोऱ्याचं नवं रीळ टाकलं होतं, जाड, पांढरं, गादी शिवायचं. इंजिनिअरबाई वेळेवर आल्या. तिशीच्या आतली मुलगी, पायात कामाचे बूट, काखेत फाइल. माळीबुवा आधीच कठड्यापाशी उभे होते, पंचा खांद्यावर नव्हता, त्यामुळे दुसरेच कुणी वाटत होते. मी कठड्याच्या मधल्या जागी गेले आणि लाल बाण डकवला. “हे इथून सुरू होतं आणि इथे सर्वांत जास्त. चार बोटं तरी बाहेर आहे. दिसतंय?” इंजिनिअरबाईंनी डोळे बारीक केले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. त्या काही बोलणार एवढ्यात माळीबुवा पुढे झाले. “वाकलाय, मॅडम. बाईंचं बरोबर आहे. माझी बघायची चूक झाली. लिहून टाका.” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी इतक्या दिवसांत ज्याची वाट पाहत होते ते मला मिळालं होतं, आणि तरी ते हातात नीट बसत नव्हतं. इंजिनिअरबाई गोंधळून म्हणाल्या, “अहो, पण मला तर हा…” “लिहा मॅडम,” माळीबुवा घाईने म्हणाले, “मी सही करतो.” नोकरी जाणार हे माहीत असलेला माणूस न बघताच गुन्हा कबूल करतो? मग तो नक्की याहून मोठं काहीतरी झाकतोय. मागे धाकटीने नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, “थांबा. कुणाची कबुली मला नको. दोरा ताणू. दिसेल ते दिसेल.” “बाई, राहू द्या ना,” माळीबुवा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी मला अडवल्यासारखा हात पुढे केला. त्या हाताने माझी खात्रीच पटली.

दोऱ्याचं एक टोक मी पहिल्या खांबाला, वरच्या नळीपासून दोन बोटं उंचीवर बांधलं. कारखान्यात बांधायचे तशी गाठ मारली. रीळ सोडत दुसऱ्या खांबापर्यंत गेले, वीस पावलं, आणि टोक इंजिनिअरबाईंच्या हातात दिलं. “ओढा. अजून. अजून ओढा, तुटत नाही तो.” मग मी मागे सरकून उभी राहिले आणि पाहिलं. नळी मधोमध पाण्याकडे झुकली होती. आणि तिच्याबरोबर, दोन बोटांचं अंतर जराही न सोडता, दोराही झुकला होता. “सैल धरलाय तुम्ही!” मी म्हटलं. “नाही हो, हाताला काचतोय,” त्या म्हणाल्या. मी पुढे जाऊन दोरा बोटाने छेडला. टण्ण करून बारीक, उंच आवाज आला. सैल दोरा असा वाजत नाही. तो वाजला आणि थरथरला आणि स्थिर झाला, वाकलेलाच. मी चाळीस वर्षं दोऱ्याबरोबर काढली. दोरा ताणला असताना वाकला असं कधी झालेलं नाही, होऊ शकत नाही. मी डावा डोळा मिटला. कठडा आणि दोरा दोघंही पाण्याकडे आणखी झुकले. उजवा मिटला आणि डाव्याने पाहिलं. दोघंही थोडे मागे आले. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. लोखंड माझ्या पापण्यांबरोबर हलत होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मी पहिल्या खांबापाशी गेले, एक बोट नळीवर आणि एक दोऱ्यावर टेकवलं आणि चालायला लागले. डोळे मिटून घेतले, कारण ते मधे बोलत होते. बोटांखालून नळी सरकत होती, गार, ठिकठिकाणी रंगाचे पोपडे, आणि कुठेही पोट नव्हतं, झोळ नव्हता, वीस पावलं अगदी सरळ. मधे बोटाला कागद लागला. माझाच बाण. मी कशी चालते आहे ते मला ओळखू आलं. ही चाल माझी नव्हती. एक नंबर अशाच उभ्या राहायच्या, मान जरा वर, बोटं कापडावर, आणि लोक म्हणायचे, काय तन्मय. तो लाल डाग त्यांच्या बोटांखालून गेला तेव्हा त्यांना आतून काय झालं असेल, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारलं नव्हतं. ते आत्ता कळलं, आणि फार भीती वाटली. दोष काढणारीच दोषी निघाली याची लाज नंतर आली, आधी नुसती भीती, की आता मी कशाने बघू?

“लिहा,” मी इंजिनिअरबाईंना म्हटलं. आवाज माझाच होता. “कठडा सरळ आहे. माळ्याचा अहवाल खरा आहे. नऊच्या नऊ वेळा खरा होता. तक्रार करणारीच्या नजरेत दोष आहे.” त्या म्हणाल्या, “असं नाही लिहीत, काकू. तक्रार मागे घेतली, एवढंच लिहिते.” मी म्हटलं, “नाही, असंच लिहा. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्यावर येईल.” त्यांनी लिहिलं. माळीबुवांनी सही केली, मी सही केली. सही करायची रेघ मधेच नाहीशी होत होती, तिथे धाकटीने बोट ठेवलं. इंजिनिअरबाई गेल्यावर मी जवळच्या बाकावर बसले. फळ्या सरळ असणार आता.

माळीबुवा दोरा गुंडाळत समोर उभे राहिले. मी विचारलं, “कधीपासून माहीत होतं तुम्हाला?” “दिव्याच्या खांबापासून,” ते म्हणाले. “तुम्ही वाकडा म्हणालात म्हणून मी ओळंबा सोडून पाहिला. मग धाकट्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ताई चहा कपाच्या बाहेर ओततात.” मी धाकटीकडे पाहिलं. ती तळ्याकडे बघत होती. निळे कप, पिवळा पायपोस. “आणि पायऱ्या?” “तुम्ही दोनदा अडखळलात. कडा दिसाव्यात म्हणून.” “मग मला सांगितलं का नाहीत?” मी जोरात म्हटलं, बागेतल्या दोन आयांनी वळून पाहिलं. “मला सांगितलं असतंत तर…” आणि पुढचं वाक्य तोंडात आलं तसंच मी गिळलं, कारण ते माझं नव्हतं, ते मला कुणीतरी सांगितलं होतं. माळीबुवांनी पायाने माती सारखी केली. “तुम्ही यायचं बंद केलं असतंत,” ते म्हणाले. “या बागेत माझ्या खोलीचं छप्पर गळतंय म्हणून पंधरा वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत.” मला ते आठवायलाही वेळ लागला. मी ते त्यांच्यासाठी लिहिलं नव्हतं. पत्र्याला भोक दिसलं, बाण लावला, एवढंच. हे त्यांना सांगावं असं वाटलं, पण त्याआधी मला दुसरंच विचारायचं होतं. “ते खरंच गळत होतं का हो?”

“गळत होतं,” माळीबुवा म्हणाले. “खाली बादली ठेवायचो. तुम्हाला दाखवू का बादली?”

मी मान हलवली, दाखवा म्हणून. त्यांची खोली तळ्याच्या वर, पायऱ्यांच्या पलीकडे आहे. माळीबुवांनी एक हात पुढे केला, धाकटीने दुसरा. मी एकही धरला नाही. दोन्ही हातांनी बाकाची फळी चाचपली, जोर लावला आणि आपली आपण उठले. मग धाकटीचा हात धरला, कारण पुढे पायऱ्या होत्या.